सासूबाई चौथ्या थरावर

बंदरावर त्याला सगळे पोटमाळे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. पण जो माणूस सकाळी शिडी चढून क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसतो आणि दिवस संपेपर्यंत खाली उतरत नाही, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? हळूहळू पगार वाटणारा कारकूनही त्याला पोटमाळेसाहेब म्हणू लागला, आणि तोही त्या हाकेला मान वळवू लागला.

त्याचं काम होतं कंटेनर उचलायचे आणि ठेवायचे. खाली उभी माणसं त्याला टोप्यांसारखी दिसायची आणि ट्रक आगपेट्यांसारखे. चेहऱ्यांशी त्याचा फार संबंध येत नसे, छपरांशी यायचा. कुठलं छप्पर कुठे चेपलंय, कुठल्यावर गंज चढलाय, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यामुळे शहराच्या कडेला, उतारावर, त्याने जागेचा एक तुकडा घेतला आणि घर बांधायचं ठरवलं, तेव्हा विटा-सिमेंटचा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. त्याने बंदरातून बाद झालेले दोन कंटेनर आणले.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिने डबे पाहिले, दारांचे ते हातभर लांब अडसर पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे उघडायला रोज दोन माणसं लागतील."

"आपण दोघं आहोत की," तो म्हणाला.

तिची आई त्यांच्याकडेच राहायची. आयुष्यभर सुईणीचं काम केलेली, करड्या आवाजाची बाई. हजारभर बाळांना उलटं धरून रडायला लावलेलं. जावयाला रडवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिने डब्याच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "डब्यात राहायला मी काय बिस्किट आहे, जावईबापू?"

पण पोटमाळे हट्टाला पेटला होता. गॅस कटरने त्याने खिडक्या कापल्या. तळाच्या जुन्या फळ्या उखडून नव्या बसवल्या, तरी एका डब्याचा कॉफीचा वास गेला नाही आणि दुसऱ्याचा रबरी चपलांचा. आतून त्याने थर्माकोल आणि प्लायवूड ठोकलं, छपराला पांढरा रंग दिला. वरच्या कडेने आकड्या वेल्ड केल्या, कपडे वाळत घालायला. कॉफीवाल्या डब्यात स्वयंपाकघर आणि नवरा-बायकोची खोली. चपलांचा डबा सासूबाईंचा.

त्याला मनातून डबे एकावर एक रचायचे होते. "डबा रचण्यासाठीच जन्माला येतो," असं तो म्हणायचा. पण सासूबाईंनी साफ सांगितलं, "मी जिना चढणार नाही." म्हणून दोन्ही शेजारी शेजारी राहिले आणि मधल्या फटीवर प्लास्टिकचा पत्रा आला. चार कोपऱ्यांखाली सिमेंटचे ठोकळे ठेवले आणि काम संपलं. बायको म्हणाली, "खाली पक्कं बांधायला नको का?"

"डबा कुठे पळून जाणार आहे?" तो हसला.

बाहेरचे नंबरही त्याने रंगवून पुसले नाहीत. "नंबर म्हणजे त्याचं नाव," तो म्हणाला. "नाव कुणी खरवडून काढतं का?" सासूबाईंच्या डब्याच्या नंबरातला शेवटचा आकडा मात्र गंजाने खाल्ला होता. तीन म्हणा, आठ म्हणा, तुमची मर्जी.

समोर एक गोदाम होतं. त्याची उंच भिंत म्हणजे या घराचं सगळं दृश्य. गोदामाला एक रिकामा कंटेनर बंदरात परत पाठवायचा होता, आणि योगायोगाने त्याचा बाकीचा नंबर सासूबाईंच्या डब्याचाच होता, शेवट मात्र खरोखरच आठ. तो न्यायला दुपारी एक ट्रेलर आला. ट्रेलरवाला गरीब स्वभावाचा, कामाला चोख माणूस. त्याने रस्त्याच्या एका बाजूला पाहिलं, गोदामाचं फाटक बंद. दुसऱ्या बाजूला पाहिलं, मोकळ्या जागेत डबे. त्यातल्या एकाशी नंबर जुळवला. दार वाजवलं. "कुणी आहे का आत?" असं तीनदा विचारलं.

आत सासूबाई कानातलं यंत्र काढून, पांघरूण डोक्यावर घेऊन झोपल्या होत्या.

ट्रेलरवाल्याने मधला प्लास्टिकचा पत्रा नीट सोडवून भिंतीला टेकवून ठेवला. ट्रेलरच्या लोखंडी हातांनी डबा उचलला, तेव्हा पाण्याचा पाइप तुटून कारंजं उडालं. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या भल्या माणसाने पाइपच्या तोंडात चिंधी कोंबून ते बंद केलं आणि मगच गाडी सुरू केली. बंदराच्या फाटकावरच्या माणसाने डब्याला पडदा लावलेली खिडकी पाहिली. पण त्याचं काम नंबर बघायचं होतं, खिडक्या बघायचं नव्हतं. त्याने गाडी आत सोडली.

वर केबिनमध्ये पोटमाळेने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पुढचा डबा बघितला. पांढरं रंगवलेलं छप्पर. त्यावर निळी चादर वाळत घातलेली, कडेच्या आकड्यांना बांधलेली.

'आपल्यासारखाच कुणीतरी शहाणा दिसतोय,' त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं. त्याने तो डबा अलगद उचलला आणि तिघांवर चौथा म्हणून रचला. काम इतकं सफाईदार झालं की तो स्वतःशीच मान हलवून 'वा' म्हणाला.

तेवढ्यात त्या डब्याची खिडकी उघडली. एक हात बाहेर आला आणि त्याने टॉवेल झटकला.

तो हात पोटमाळेने रोज पाहिला होता. त्याने क्रेन सरकवत त्या डब्याशेजारी आणली आणि काच उघडून ओरडला, "आई! तुम्ही इथे काय करताय?"

सासूबाईंनी शांतपणे कानात यंत्र बसवलं. "हे मी तुम्हाला विचारायचं, जावईबापू. मी माझ्या खोलीत आहे."

"तुम्हाला हललेलं कळलं नाही?"

"कळलं. वाटलं भूकंप झाला. पण भूकंप इतका सावकाश होत नाही, म्हणून पुन्हा डोळे मिटले." त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. बंदर, बोटी, पलीकडे चमचमणारं पाणी. "वारा बरा आहे इथे."

पोटमाळेने वायरलेस उचलला. "मुकादम, चौथ्या थरावरच्या डब्यात बाई आहे."

"कुणाची?"

"माझी. म्हणजे माझी सासू."

वायरलेसवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग मुकादम म्हणाला, "पोटमाळे, तो डबा रिकामा आहे. माझ्याकडे रिकामा म्हणून आलाय."

"मग तो हात कुणाचा हलतोय?"

मुकादमाने दुर्बीण लावली असावी, कारण त्याचा आवाजच बदलला. डबा लगेच खाली घेतो, असं पोटमाळे म्हणाला, पण मुकादमाने त्याला थांबवलं. आत माणूस असलेला डबा उचलायचा नाही, हा बंदराचा पहिला नियम होता.

"पण मी तो उचलूनच तर ठेवला!"

"तेव्हा तो रिकामा होता," मुकादम म्हणाला. "आता नाही."

म्हणजे सासूबाई बाहेर आल्याशिवाय डबा खाली येणार नव्हता. आणि डबा खाली आल्याशिवाय बाहेर यायला सासूबाई तयार नव्हत्या. "मी उतरले की तुम्ही माझी खोली बोटीत भराल," त्या म्हणाल्या. "मग कुठल्या देशात जाऊन शोधू मी माझ्या चादरी?"

खाली गर्दी जमली. शिडी आली, ती त्यांनी नुसत्या नजरेने परत पाठवली. अग्निशमनवाले आले, पण आग नाही म्हटल्यावर तेही गर्दीत मिसळून वर बघू लागले. ट्रेलरवाला हात जोडून उभा होता. "आजी, माफ करा हो! मी तीनदा विचारलं होतं!"

"चौथ्यांदा विचारायचं होतंस!" वरून उत्तर आलं.

दुकानातून बायको धावत आली. मान मागे टाकून ओरडली, "आई, ये ना गं खाली!"

"तू वर ये! इथून आपलं घर दिसतंय. अर्धंच उरलंय."

दिवस कलायला लागला. सकाळपासून पोटमाळे डबे रचत होता आणि आता त्याचे हात रिकामे होते. इतका हतबल तो कधीच नव्हता. शेवटी त्याने काच पुन्हा उघडली आणि विनवलं, "आई, तुम्हाला हवं ते करतो. सांगा."

सासूबाई जणू याचीच वाट बघत होत्या. "माझी खोली वरच राहील. घरी नेलीत की तुमच्या डब्यावर ठेवायची. समोर गोदामाची भिंत बघत मला मरायचं नाही."

"पण जिना..."

"जिना चढते की मी. बांधा तुम्ही."

इतकी वर्षं तो हेच मागत होता. आता त्याला आनंद व्हायला हवा होता, पण एखादी लढाई हरल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "बरं."

मग क्रेन दुरुस्त करणारे मेकॅनिक ज्यात उभे राहतात तो लोखंडी पिंजरा आणला. पर्स काखोटीला मारून सासूबाई त्यात उभ्या राहिल्या. जावयाने आयुष्यात कशालाही उचललं नसेल इतक्या हळू त्यांना खाली उतरवलं. पाय जमिनीला लागताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी पहिलं काम केलं ते ट्रेलरवाल्याचा कान पिळायचं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने डबा परत आणून, या वेळी चारदा विचारून, दुसऱ्या डब्यावर बसवला.

आता वर सासूबाई राहतात. गोदामाच्या भिंतीवरून त्यांना थेट बंदर दिसतं. लेकीने दुकानातून चांगली दुर्बीण आणून दिली. पोटमाळे संध्याकाळी दमून घरी येतो, हातपाय धुऊन जेवायला बसतो, आणि सासूबाई लोखंडी जिना दणदणत खाली येतात.

"तिसऱ्या रांगेतला हिरवा डबा," त्या ताट पुढे ओढत म्हणतात, "तिरका ठेवलात आज."

"वारा होता, आई."

"कसला वारा? माझा पडदा हलला नाही."

मुकादमाला तो कधी घाबरला नव्हता. पण हल्ली प्रत्येक डबा ठेवण्याआधी पोटमाळे एकदा उताराकडे मान वळवून बघतो. मग डबा पुन्हा जरासा उचलतो, आणि सरळ करून ठेवतो.