डुकरिणीच्या पेजेतलं विरजण

नवऱ्याची बोईसरची कंपनी बंद पडली, तेव्हा मला डुकरं पाळणाऱ्या एका शेडवर काम मिळालं. जतला माहेरी मी ‘जनावरांकडे आहे’ एवढंच कळवलं. कुठली जनावरं ते नाही. चौथीत शाळा सुटलेल्या, इतक्या लांबून आलेल्या बाईला मालकांनी ओळखपाळख नसताना ठेवून घेतलं, याचे उपकार मी आजही मानते. पण ते काम कधीही जाईल अशी धास्ती मला कायम असायची.

कारण पिल्लं जगत नव्हती. डुकरीण व्यायची चांगली. पिल्लं दोन-चार दिवस लुचायची, मग त्यांना पांढरी हगवण लागायची. शेवटी मालक म्हणाले, “कानफाटकीचं हे वेत बघतो. तेही गेलं तर सगळ्या विकून शेड बंद.”

कानफाटकी म्हणजे फाटक्या कानाची डुकरीण. ती गाभण होती. तिच्यासाठी मालकांनी मुंबईहून पावडरचा एक डबा आणला होता. आईला रोज द्यायची, पिल्लांचं पोट धरतं, एवढंच दुकानदारानं सांगितलेलं. आमच्याकडे खाणं म्हणजे कंपन्यांच्या कँटीनमधलं उरलेलं. ते रटरटा उकळल्याशिवाय द्यायचं नाही, हा शेडचा नियम. चूल सांभाळायची चिंचणीकडची एक मावशी. आमटीत मसाला पडावा तशी ती पावडर उकळत्या टोपात टाकायची, मी डाव फिरवायची.

एकदा पालघरहून जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले आणि चुलीपाशीच थांबले.

“ही पावडर उकळत्यात का घालता?”

“मग कशात घालू?” मावशी म्हणाली.

“अहो, यात जिवंत जंतू आहेत. पोटातले चांगले जंतू. विरजण तुम्ही उकळत्या दुधाला लावता का?”

ते पुढे गेल्यावर मावशी मला म्हणाली, “ऐकलंस काय गो घाटीणी? जंतू मारायला डागतर बोलावला, न ह्यो जंतूच खायला घालतोय.”

मला हसू आलं नाही. विरजण मला कळत होतं. म्हणजे आजवर दिलेली सगळी पावडर वाया गेली होती, आणि कानफाटकीचे दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, टोप निवेपर्यंत थांबू. पण वास आला की डुकरिणी फाटकावर धडका देत किंचाळायच्या. मावशीही थांबेना. “तुझा टोप निवंपर्यंत आमी हितंच ऱ्हायाचं काय? घरी माजी भाताची लावणी हाय.” तिचंही खोटं नव्हतं.

मग मी घरूनच पेज न्यायला लागले. हाताला कोमट लागली की पावडर कालवायची आणि टोप उतरायच्या आधी कानफाटकीपुढे ठेवायची. ती घमेलं उलटायची. मी पुन्हा कालवायची. नवरा वैतागला. “आपल्याला पुरत नाही आणि तू डुकराला नेतेस?”

“नेणार,” मी म्हटलं. शेड गेली तर बोईसरची खोलीही सुटणार होती, हे त्याला काय माहीत नव्हतं?

कानफाटकी व्यायली. डॉक्टर त्या दिवशी जाता जाता सांगून गेले होते तशी मी प्रत्येक पिल्लाच्या जिभेला कालवलेली पावडर बोटानं लावली. रोज सकाळी पोहोचल्या पोहोचल्या शेपट्या उचलून बघायची. एक पिल्लू आईखाली चेंगरून गेलं. एकाला पातळ झालं. त्याला गोणपाटात उबेला ठेवलं आणि पावडर देतच राहिले. ते सावरलं. बाकीच्यांच्या शेपट्या कोरड्याच राहिल्या.

पिल्लं दुडदुडायला लागली तसे मालक येऊन भिंतीला टेकून बराच वेळ बघत राहिले. मलाच राहवेना.

“मालक, डबा संपत आलाय.”

“आणतो,” ते म्हणाले. मग जाता जाता वळले. “ती तांबडी माजावर आलीय ना? नराकडे सोड तिला.”

मी तांबडीच्या फाटकाची कडी काढली.