बुजलेल्या बावखलाचं पान

मोजणीकाकांना पत्ता विचारला, की ते आता नसलेल्या गोष्टींवरून सांगत. "निर्मळच्या देवळाकडून सरळ ये. पुढे चिंच लागेल, ती आता नाही. तिथून डावीकडे वळ. मग रहाट लागेल, तोही काढला. रहाटाच्या समोरचं घर आमचं." पहिल्यांदा त्यांच्याकडे निघाले तेव्हा मी हे सगळं निमूटपणे कागदावर उतरवून घेतलं आणि स्कूटरवरून अर्धा तास त्याच रस्त्यावर घिरट्या घातल्या. शेवटी सायकलला केळीचे घड बांधणाऱ्या एका माणसाला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "काकांनी सांगितलाय ना पत्ता? मग चिंच विसरा. तो मोबाइलचा टॉवर दिसतो ना, त्याच्या पुढे वळा."

काकांनी उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात काढला होता. साखळी ओढत, दगड शोधत, भावाभावांच्या बांधांवर उभं राहत. चालताना त्यांचे ओठ हलत. मला आधी वाटलं, नामस्मरण चाललंय. ते पावलं मोजत होते. माझ्या क्लासच्या दारापासून फुलपाड्याच्या रिक्षा स्टँडपर्यंत किती पावलं आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि त्याचा मला आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही.

मी तेव्हा फुलपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेल शिकवत होते. नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलींच्या बॅचमध्ये एके दिवशी एकाहत्तर वर्षांचे काका येऊन बसले. हातात चष्म्याची पेटी, पेटीत चष्म्याऐवजी पेनड्राइव्ह. म्हणाले, "वहीत पान उलटता येतं. यात हवं ते पान काढायचं कसं, तेवढंच शिकव."

त्यांची फाइल उघडली आणि मी कपाळाला हात लावला. खाली पानांच्या टोप्यांची, म्हणजे टॅबची, रांगच रांग. सत्तरच्या वर पानं, आणि शेवटच्या पानावर जायचं तर बाण दाबून दाबून बोट दुखायचं. प्रत्येक पानाला एका बावखलाचं नाव. बावखल म्हणजे वसईच्या किनारपट्टीवरच्या वाड्यांमधलं खणलेलं तळं, गोड्या पाण्याचं. माझं माहेर साताऱ्याकडचं, मला हा शब्दही ठाऊक नव्हता. काका वाडीवाडी फिरून बावखलं नोंदवत होते. प्रत्येक पानावर तीनच ओळी: कोणी खणलं, इथे कोण कोण पोहायला शिकलं, आणि याने कोणाला घेतलं. तिसरी ओळ बहुतेक पानांवर रिकामी होती. काही पानांवर नव्हती.

निर्मळच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ही फाइल ठेवायची आणि शेजारपाजारच्या कोणालाही हवं ते बावखल चटकन काढता यावं, एवढी त्यांची इच्छा होती. मी उत्साहाने कामाला लागले. पहिलं पान मेनूचं केलं, त्यावर सगळी नावं अकारविल्हे लावली, एक खाली उघडणारी यादी दिली. नाव निवडा, पानावर जा. पाठ्यपुस्तकात शोभेल असं काम झालं होतं. काकांनी ते पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "बाय, बावखलावर कोणी अ-आ-इ-ई करत जातं का? देवळाच्या मागून जातात, वाडीच्या कडेने जातात. रस्ता पायांना पाठ असतो, त्याला नाव लागत नाही."

मग त्यांनी मला बाजूला बसवलं आणि मेनू स्वतः सांगितला. सगळे रकाने बारीक चौकोनी करायचे, आलेखाच्या कागदासारखे. डावीकडे समुद्र, मधे देऊळ, वाड्या हिरव्या, रस्ते पांढरे, आणि प्रत्येक बावखलाच्या जागी एक निळा चौकोन. चौकोनावर बाण नेला की नाव उमटेल, दाबला की पान उघडेल. पावलांचा हिशेब करून त्यांनी चौकोन ठरवले, एक चौकोन म्हणजे शंभर पावलं. मी रंग भरत गेले, दुवे जोडत गेले. आठवडाभराने पडद्यावर अख्खा गाव उभा राहिला.

मेनू बरा झालाय की नाही हे ठरवायला त्यांनी पारूआजींना आणलं. या त्यांच्या शेजारच्या, फुलांच्या पुड्या बांधायच्या, अक्षरओळख नाही. आजींनी पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि माउसला हातही न लावता काचेवरच बोट टेकवलं. "हां, ह्यातलं पानी गोड. आमी ह्यातलंच न्यायचो." बोट बरोबर चौकोनावर होतं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "झाला पास." माझ्या अकारविल्हे यादीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

'परत' या बटणाबद्दल ते फार हळवे होते. प्रत्येक पानावर वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच चौकोनात, त्याच रंगात 'परत' हवं. पान कितीही खाली सरकवलं तरी ते दिसायलाच हवं, म्हणून मी वरची ओळ गोठवून दिली. तरी प्रत्येक पान ते स्वतः उघडून बटण दाबून बघत. "आत शिरायला बारा वाटा असू देत," ते म्हणत, "बाहेरची वाट एकच हवी, आणि ती कधी हलता कामा नये." मला ही म्हाताऱ्याची नसती काळजी वाटायची. हसायचेही मी.

आमचं खरं वाजलं ते बुजवलेल्या बावखलांवरून. अकरा बावखलं भर टाकून बुजवली गेली होती. कुठे गाळे, कुठे इमारत, एकावर लग्नाचा हॉल. मी म्हटलं, ती करड्या रंगात दाखवू, नाहीतर काढून टाकू, लोक गोंधळतील. काका म्हणाले, "निळीच ठेव. पाणी गेलं. जागा कुठे जाईल?" हॉलच्या फरशीला दर पावसाळ्यात खालून घाम फुटतो, हे त्यांनी मला तिथे नेऊन दाखवलं. पुढे एकदा ते आमच्या घरी आले. लिफ्टपाशी थांबून त्यांनी विचारलं, "खालच्या खड्ड्यात पाणी भरतं का गं?" भरायचं. सोसायटीने दोन पंप जाळले होते. "भरणारच. भाताची खाचरं होती इथे." मी नंतर महिनाभर जिने चढून जात होते. चौथा मजला. लिफ्टचं दार मिटलं की पायाखाली कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "जप. दुसरी प्रत नाही. मोजणीच्या दोन प्रती झाल्या की भांडण सुरू होतं." क्लासची मशिनं आम्ही दर शनिवारी कोरी करायचो, तिथेही काही उरत नसे. दर बॅचला 'आधी प्रत काढा' असं घसा फोडून सांगणारी मी, मी प्रत काढली नाही. पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या मंडळींना फाइल दाखवायची होती, आणि मला पसारा सोसत नाही. नकाशावर देवळामागे निळा चौकोन आणि प्रत्यक्षात तिथे हॉल, हे मला खुपत होतं. मी अकरा टोप्या एकदम निवडल्या आणि पुसा म्हटलं. यंत्राने विचारलं, हे कायमचं जाईल, चालेल ना? पान पुसलं की 'उलट फिरवा' चालत नाही, हा प्रश्न मी परीक्षेत घालत असे. चालेल म्हटलं. फाइल जतन केली. चौकोन हिरवे करायचे तेवढे राहून गेले.

काळा चष्मा लावून काका ओसरीवर बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पहिलाच निळा चौकोन दाबला तो देवळामागचा, आळवाचं बावखल. टुण्ण वाजलं, आणि दुवा चुकीचा असल्याचा इंग्रजी निरोप आला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा टुण्ण. मी आनंदाने सांगून टाकलं, "ती काढली काका, बुजलेली. आता कसं स्वच्छ झालंय."

"सगळी?"

"सगळी अकरा."

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलेलं होतं. मग घरातून जुनी आलेखवही घेऊन आले, तिच्यात नुसती मापं होती, आणि म्हणाले, "लिहून घे." ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन रविवार ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. दहा पानं त्यांनी तोंडपाठ दिली, खणणाऱ्यांच्या आज्यांच्या माहेरांसकट. अकरावं राहिलं. आळवाचं बावखल.

"हे नको," ते म्हणाले. मी थांबले. मग त्यांनी ते सांगितलं, वाडीकडे बघत, एका सुरात, मोजणीचा अहवाल वाचावा तसं. "मी नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. आईने सांगितलेलं, हिच्याकडे लक्ष ठेव. मी काठावर बसून केळीच्या सोपटाची होडी करत होतो. तिच्यासाठीच. मान वर केली तेव्हा पाणी सपाट होतं." मग म्हणाले, "घरात परत कोणी तिचं नाव घेतलं नाही. आईनेसुद्धा नाही. ते नाव लिहायला मला बासष्ट वर्षं लागली, बाय. आता पुन्हा नाही लिहवणार. तू रस्ता तेवढा राहू दे. पान कोरं असलं तरी चालेल."

मी आळवाचं बावखल नावाचं कोरं पान घातलं, दुवा जोडला, कोपऱ्यात 'परत' बसवलं. नाव तेवढं विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी विचारू म्हटलं. पुढची वेळ आली नाही. त्याच थंडीत एका सकाळी देवळातून येताना काका रस्त्यात बसले ते उठले नाहीत. त्यांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी मुलींना मेनू कसा करायचा तेच शिकवत होते.

मग मी नाव शोधायला लागले. काकांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. पुतण्याला विचारलं, तो म्हणाला, "काकांना बहीण होती? मला हे आत्ता कळतंय." पारूआजींना विचारलं. "मी लगीन होऊन आले तवा तिथे आमी कपडे धुवायचो. पोरीचं काय मला कोनी नाय सांगितलं." शाळेत ती कधी गेलीच नव्हती. जन्ममृत्यूच्या जुन्या वह्यांत त्या घराचं पान सापडलं नाही. तिच्या आईबापांनी ते नाव गिळलं, काकांनी ते एकदाच लिहिलं, आणि मी पुसलं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ते पान मी पाहिलं होतं. मेनू करताना मी प्रत्येक पान उघडून नीटनेटकं करत होते, आणि आळवाच्या बावखलाची तिसरी ओळ इतकी लांब होती की अक्षरं रकान्याबाहेर सांडत होती. मी रकाना रुंद केला, मजकूर नीट बसला, मी पुढच्या पानावर गेले. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, चांगले दहा सेकंद. मी त्याची लांबी पाहिली, ते वाचलं नाही. चार वर्षं झाली, अजून भाजी चिरताना, सिग्नलला थांबले असताना मी तो पडदा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. कधी वाटतं 'स' होता. कधी वाटतं शेवटी वेलांटी होती. हॉलवरून जायचं टाळते. परवा तिथे कोणाच्या तरी बारशाचा मांडव होता, ध्वनिक्षेपकावर बाळाचं नाव जाहीर करत होते, आणि मी स्कूटर कडेला लावून, मूर्खासारखी, ते नाव ऐकायला थांबले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. मेनू उघडला, देवळामागचा निळा चौकोन दाबला. कोरं पान आलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं: 'इथे पाच वर्षांची एक मुलगी बुडाली. तिचा भाऊ काठावर तिच्यासाठी होडी करत होता. तिचं नाव त्याने या ओळीत लिहिलं होतं. ते मी न वाचता पुसलं. कोणाला ठाऊक असेल तर लिहा.' खाली माझं नाव आणि फोन नंबर घातला आणि फाइल जतन केली. काकांनी हे चालवून घेतलं असतं की नाही, मला माहीत नाही.

आठवड्याने फोन वाजला. धावत जाऊन उचलला. वाचनालयाच्या बाई होत्या.

"मॅडम, त्या फाइलीत एका पानावर चुकून काहीतरी लांबलचक टाइप झालंय, खाली तुमचा नंबर आहे. बाकीच्या पानांसारखं दिसत नाही ते. पुसून टाकू का?"

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"नाही हो, वाचलं नाही मी. नुसतं लांब दिसलं."

"मग आधी वाचा," मी म्हटलं, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत फोन कानाला लावून उभी राहिले.