सरपंच पायरीवर

माझी माय आमच्या गावची सरपंच आहे. जाफराबाद तालुक्यातलं गाव, आणि ओढ्यापलीकडे आमची भिल्लांची वस्ती. पद आदिवासी बाईसाठी राखीव निघालं म्हणून गावाने तिला बिनविरोध बसवलं. बसवलं आपलं म्हणायला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खुर्चीत उपसरपंच बसतात, आणि माय त्यांच्याच रानात कापूस वेचायला जाते.

मी मात्र कॉलेजच्या होस्टेलवर मोठा पुढारी. आदिवासींच्या राखीव जागांवरून दिल्लीला गेलेले खासदार तिथे तोंड का उघडत नाहीत, यावर मी जेवताना हात वाळेपर्यंत बोलायचो.

यंदा आमच्या भागाचे खासदार गावात येणार होते. ओढ्याला पाणी आलं की वस्तीतल्या पोरांची शाळा बुडते, तेव्हा मायने त्यांच्याकडे पूल मागायचा, असं आमचं ठरलं. काय बोलायचं ते मी तिच्याकडून घोटून घेतलं.

ग्रामपंचायतीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. माय आली आणि सवयीने पायरीवर बसली, चपलांशेजारी. मोठ्या शेतकऱ्यांसमोर आमच्या बाया तिथेच बसत आल्यात. खासदारांनी विचारलं, "सरपंच कोण?"

"मीच बघतो सगळं," उपसरपंच म्हणाले. खासदारांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. माय पदर सारखा करत राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली ती मायचीच. हा तिचा मुलगा, असं कुणी म्हणू नये म्हणून मी हळूच पिंपळामागे सरकलो. चहापाणी झालं, गाडी निघून गेली. पुलाचा विषय निघालाच नाही.

घरी परतताना ओढ्यात मी तोंड सोडलं. "एवढं शिकवलं, तरी एक शब्द बोलली न्हाईस."

ती पाण्यातच थांबली. "मी बोलले असते तर उद्या वस्तीतल्या एकाही बाईला त्यांनी रानात येऊ दिलं नसतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुला कुठं त्यांच्या रानात जायचंय? मी पायरीवरून तुलाच बघून राह्यले होते, आता बोलतो, मंग बोलतो म्हणून. तर तू झाडामागं गेल्ता."