आधी काढलेला दहीभात

कोणी प्रार्थनेत उभं राहून 'धैर्याने साक्ष दिली' असं म्हटलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी आता म्हातारी झाले आहे. पहिल्या ओळीत बसते. नवा उपदेशक आला की कोणीतरी त्याच्या कानात सांगतं, आणि मग तो माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगतो, या बाईंनी तरुणपणी भर शेतात मूर्तीचा प्रसाद फेकून दिला होता. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. गोष्ट खोटी आहे. तो प्रसाद नव्हता, आणि ते धैर्य तर मुळीच नव्हतं. तोंडाने सांगून सांगून थकले, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आम्ही भातकुलीकडचे माळी. वांगी, मेथी, कांदे आणि देवीच्या देवळासाठी झेंडू. माझे यजमान अमरावतीला पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर भाजी पोचवायचे. पुढे तिथेच बागेच्या कामाला लागले, तिथेच त्यांनी ख्रिस्ताविषयी ऐकलं आणि शनिवारी घरी आले की मला सांगायचे. मला पटायला दोन वर्षं लागली. पटलं तेव्हा मात्र पुरतं पटलं, ते आजतागायत. अक्षरं मला बंगल्यावरच्या उपदेशकांनी शिकवली. ते देशावरचे, पुण्याकडे शिकलेले, बोलणं घासूनपुसून लख्ख. माझ्या 'मले-तुले'ला हसायचे. पण शिकवलं त्यांनीच, आणि ते उपकार मी नाकारत नाही.

बाप्तिस्मा झाला आणि भाऊबंदांनी दारं लावून घेतली. आमच्या हातची फुलं देवळात जाईनात, भाजी कोणी घेईना. पण ती कापसाची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि म्हणून सगळ्या जगाला वऱ्हाडचा कापूस हवा होता, एवढंच आम्हाला कळलं होतं. लोकांनी वांग्याचे वाफे मोडून कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. माणूस मिळेना तो फक्त वेचायला. मग गावाला माझी आठवण झाली. माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, माझ्या हातचा कापूस मात्र चालायला लागला.

मला ज्या बाईने वेचायला बोलावलं ती कुणब्याची सून. तीस-बत्तीस वर्षांची, घरची मोठी शेती, तरी हंगामात स्वतः कमरेला कापूस भरायची ओटी बांधून बायांबरोबर वेचायला उतरायची. मी तिला मालकीणबाई म्हणायचे. तिची सासू कडक होती, घरात तिला फारसं बोलता येत नसे. शेतात यायची ती जरा मोकळा श्वास घ्यायलाच.

वेचणी अशी असते की प्रत्येकीने आपली ओळ धरायची आणि पुढे पुढे जायचं. नजर बोंडावर, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचतात. शेजारच्या ओळीतलीचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्यामुळे चारचौघींत जे बोलायला जीभ रेटत नाही ते ओळीत सहज बोललं जातं. उपदेशक बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहायचे आणि तुमचे देव दगड आहेत म्हणून ओरडायचे. लोक शेण मारायचे, आणि ते शेणाने भरलेला कोट घेऊन मोठ्या समाधानाने बंगल्यावर परतायचे. मी ओरडले नाही. कोणी विचारलं, तू कावून बाटलीस, तर सांगायचे. पुढची गोष्ट मागितली तर सांगायचे. येशूजवळ बाया लेकरं घेऊन आल्या, चेल्यांनी त्यांना हाकललं, तेव्हा तो चेल्यांवर रागावला आणि लेकरांना जवळ घेतलं, ही गोष्ट सगळ्या जणी पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या.

मालकीण कधी काही विचारायची नाही, पण तिची ओळ नेमकी माझ्या शेजारची असायची. तिची दोन लेकरं गेली होती, एक तापाने, एक देवीच्या साथीत. पहिला हंगाम सरता सरता एक दिवस ती ओळीतूनच म्हणाली,

"तुया देव मेलेल्या लेकरायचं काय करते?"

माझे हात थांबले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून दुसरी बाई आली आणि मालकीण गप्प झाली. नंतर वेचणी संपली. घरी सासूसमोर हे बोलणं शक्य नव्हतं. पुढे निंदणीच्या वेळी एकदा दोघीच बांधावर भेटलो तेव्हा तिनेच ठरवलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी जेवण झालं की बाया घटकाभर लवंडतात, तेव्हा आपण लिंबाखाली बसू आणि तू मला सगळं सांग, घाईत नको. मी हो म्हटलं. चार महिने मी त्या उत्तराची जुळणी करत होते. चूल पेटवताना, पाणी शेंदताना, तेच.

इथे माझी पहिली चूक. मी ही गोष्ट उपदेशकांना सांगितली. कोणी विचारलं नव्हतं. मलाच फुशारकी मारायची होती, की बघा, तुम्ही चौकात गळा काढता आणि माझ्याकडे एवढ्या मोठ्या घरची सून आपणहून विचारायला येते. त्यांनी दिवस कोणता ते विचारलं. मी तोही सांगितला.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वेचायला हात लावण्याआधी धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, पाच खडे मांडायचे, त्यांना शेंदूर लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पिकावर दही शिंपडायचं. मग सगळ्या वेचणाऱ्यांनी तो दहीभात खायचा आणि ओळी धरायच्या. तो खाल्ल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावत नाही. आदल्या दिवशी मी मालकिणीकडे जाऊन सांगितलं, की मी पूजेला लांब उभी राहीन आणि देवापुढे ठेवलेलं मला चालणार नाही, तेव्हा राग मानू नका. तिने ऐकून घेतलं. देवापुढे ठेवायच्या आधीचं चालतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते काय, ते नुसतं अन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात दहाबारा बाया जमल्या होत्या. मालकिणीने भाताचं पातेलं सोडलं, दही कालवलं, आणि नैवेद्य काढायच्या आधी पळसाचं पान घेऊन त्यावर भरपूर दहीभात वाढला. पान बाजूला ठेवून वर दुसरं पान झाकलं. बाया बघतच राहिल्या. देवाच्या आधी माणसाचं काढलं तर नैवेद्य उष्टा होतो, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. एक म्हातारी म्हणाली देखील, की बाप्पा, साऱ्या हंगामावर पाणी पाडशील. मालकीण म्हणाली, तिच्या देवाचं तिले, सीतेचं सीतेले. आणि पूजेला बसली.

कोणासाठी काय मोडावं लागतं हे ज्याला माहीत नाही त्याला हे समजणार नाही. मी धर्म बदलला तेव्हा माझ्यामागे यजमान होते, बंगला होता, साहेब होते. तिच्यामागे कोणी नव्हतं. घरी कडक सासू, वर्षाचं पीक उभं, आणि तिने सगळ्या बायांसमोर माझं पान आधी वाढलं. मी ते हातात घेऊन बायांच्या घोळक्यात, तिच्या शेजारी बसले. एक घास उचलला.

तेवढ्यात धुऱ्यावरून उपदेशक आले. कोट, छत्री, काखेत पुस्तक. माझ्या मदतीला आले होते. त्यांना दिसले ते शेंदूर लावलेले पाच खडे, सगळ्या बायांच्या हातात दहीभात, आणि माझ्याही हातात दहीभात. लांबूनच म्हणाले,

"बाई, टाका ते. नैवेद्य आहे तो."

मी उभी राहिले. हे आधी काढलेलं आहे, माझ्यासाठी वेगळं, असं सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, कधी काढलं ते कोण बघायला गेलं, दिसतं कसं ते बघा, एवढ्या बायांसमोर तुम्ही काय शिकवण देता आहात. एकाही बाईला त्यांनी विचारलं नाही. तिथे दहाबारा जणी होत्या, प्रत्येकीने डोळ्यांनी पाहिलं होतं, प्रत्येकीला सांगता आलं असतं.

आणि मी टाकला. हे मला लिहायचं नव्हतं, पण तेच लिहायला बसले आहे. मी भ्याले. त्यांनी मला अक्षरं शिकवली होती, माझ्या यजमानांचं काम त्यांच्या एका शब्दावर होतं, आणि माझा बाप्तिस्मा जेमतेम दीड वर्षाचा. मी पान उपडं केलं. दहीभात काळ्या मातीत पडला. उपदेशकांनी तिथेच उभं राहून मूर्तिपूजेवर बोलायला सुरुवात केली. बाया एकेक करून उठल्या आणि ओळी धरल्या. मालकीण सगळ्यांत शेवटी उठली. तिने हातावरचा भात संपवला, हात धुतला आणि पार दुसऱ्या टोकाची ओळ धरली. दुपारी ती लिंबाखाली आली नाही, आणि माझी शिदोरी तशीच बांधलेली राहिली.

रविवारी बंगल्यावर प्रार्थनेत उपदेशकांनी ही गोष्ट सांगितली. त्यांच्या तोंडून ती फार सुंदर झाली होती. मूर्तिपूजकांच्या गर्दीत एकटी स्त्री, हातात प्रसाद, आणि आवाज ऐकताच तिने तो भिरकावला. साहेबांचे डोळे भरून आले. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बायकांनी तिथे बोलायची पद्धत नव्हती, पण मी उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, तो नैवेद्य नव्हता, मालकिणीने माझ्यासाठी आधी काढला होता. उपदेशक शांतपणे म्हणाले, तो प्रश्न नाही, बघणाऱ्यांना काय वाटलं तो प्रश्न आहे. त्यांच्याकडून शिकलेलं माझं सगळं घासूनपुसून बोलणं त्या क्षणी गळून पडलं.

"पाहणाऱ्या बायायले सारं मालूम होतं," मी म्हटलं. "मालूम नव्हतं ते फक्त तुमाले."

साहेब म्हणाले, हेतू चांगला होता, प्रभू हेतू बघतो, आता गीत गाऊ या. मी म्हटलं, मग उपदेशकांनी माझ्याबरोबर येऊन त्या बाईची क्षमा मागावी. याला उत्तर म्हणून गीत सुरू झालं. गोष्ट कागदावर मुंबईला मिशनच्या कचेरीत गेली ती उपदेशकांनी सांगितली तशीच. वर्षभरात त्यांना अकोल्याला मोठी जागा मिळाली. तिथल्या बाजारात ते कापसाच्या गाठीवर उभे राहून उपदेश करायचे असं ऐकलं. उंचावरून सगळ्यांना दिसत असतील.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच मालकिणीकडे गेले. ती ओसरीवर कापसातला पालापाचोळा निवडत बसली होती. मी पायरीखाली उभी राहून जे सांगायचं ते सांगितलं. माझं चुकलं, मी भ्याले. तिने मान वर केली नाही.

"तुया देवानं सांगतलं का टाकाले?"

"नाई. त्यायनं सांगतलं."

"मंग तू त्याचं कावून आयकलं?"

एवढंच बोलली. आवाज चढला नाही, रागही नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला उत्तर सुचलं नाही, आज तीसेक वर्षांनीही सुचत नाही. मग ती आत गेली आणि भाकर-चटणी घेऊन आली. या वेळी तिने भाकर माझ्या हातात दिली नाही, पायरीच्या कोपऱ्यावर पान ठेवून लांबून वाढली. पाणी वरून ओतलं. मी ओंजळ धरली. भाकर तुकडाही न ठेवता खाल्ली आणि बसून राहिले, ती विचारेल म्हणून. ती कापूस निवडत राहिली. दिवस कलला तेव्हा उठले.

पुढच्या वर्षी सासूने तिला सीतादहीला हात लावू दिला नाही. देवाच्या आधी ज्या बाईसाठी काढलं तिने ते मातीत टाकलं, हे घरोघरी पोचलं होतं. त्या हंगामात गाडीचा कणा मोडला तरी बोल तिलाच लागायचा. मी वेचायला जात राहिले, पण तिची ओळ पुन्हा कधी माझ्या शेजारी आली नाही. पुढे लढाई संपली, कापूस उतरला, बैलांच्या शिंगांवरची चांदीही उतरली. पटकीच्या साथीत ती गेली तेव्हा मला गावाच्या वेशीवर कळलं.

मेलेल्या लेकरांच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. चार महिने जुळवलेलं, शब्दन् शब्द तयार होतं. अजूनही आहे. पण सांगायचं ठरलं होतं ते जेवण झाल्यावर, आणि त्या दिवशी मी जेवलेच नाही.