हद्दीच्या ऐनाकडं वळलेली नळी

जवळ ये गो पोरी. समोर असतीस तर कान धरून बसवलं असतं. शहापुरात नोकरीला लागलीस नि मावशीच्या जमिनीवर कोण येतं-जातं याची खबर नाय तुला. आता लिहून सांगते.

डोळखांबच्या वर आपली वरकस, डोंगरउताराची जमीन. नाचणी काढून झाली होती, उतार मोकळा. गेल्या अमावास्येला दोघं नवरा-बायको गाडीतून आले, तारे बघायचेत म्हणाले. बघा म्हटलं. पण दिवस मावळायच्या आधीच त्यांनी तीन पायांचं यंत्र मांडलं, पायांपाशी चुन्याच्या खुणा केल्या, नि नळी वळवली ती आपल्या हद्दीवरच्या ऐनाच्या झाडाकडं.

पलीकडच्या पाड्यात रस्त्याची मोजणी झाली ती असल्याच तीन पायांवर. तेव्हाही माणसं गोड बोलून चहा पिऊन गेली. मागून खुंट्या आल्या, मग शेतं गेली. आपल्याकडं तर नाचणीपुरती एवढीच जमीन.

मी सरळ विचारलं, "तारे वर, नि तुमी झाड का न्याहाळता?"

बाई म्हणाली, "मावशी, मोठ्या नळीवर ही छोटी दुर्बीण आहे. दोन्ही एकाच जागी बघतात ना, ते उजेडात लांबच्या झाडावर जुळवून घ्यायचं. मग अंधारात तारा सापडतो."

उत्तर तयारच होतं, म्हणून जास्त खुपलं. मी तिथून हलले नाय.

अंधार पडल्यावर मला डोळा लावायला दिला. काय दिसेना. थेट बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणाली. तसं केलं तर खरंच, जुन्या तांदळाची कणी असावी तसा पिवळट पांढरा ठिपका. सरळ बघावं तर गायब. हा आपल्या सूर्याहून मोठा नि जास्त तापलेला, फक्त फार लांब, असं नवऱ्यानं सांगितलं. उजेड कमीजास्त होतो, तो दर अमावास्येला शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा. सूर्याहून मोठा, नि काजव्याएवढाही उजेड नाय? मी मान हलवली, मनातून नाय.

पुढच्या अमावास्येला यंत्र त्याच खुणांवर ठेवणार म्हणाले. सकाळी मी शेण कालवून तिन्ही खुणा सारवल्या. तारेवाले असतील तर हसून नव्या करतील. मोजणीवाले असतील तर नेमकी जागा हरवली म्हणून तोंडं उतरतील.

तारा होता, ते मी नाकारत नाय. पण जी नळी तारा दाखवते तिला जमीन दिसत नाय थोडीच? माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरला नाय. अमावास्येच्या आधी किन्हवलीवरून येणारी एसटी धर. नळी ऐनाकडं वळली की तू डोळा लाव, नि काय दिसतं ते मला खरं सांग. लवकर ये गो.