पाणी परत ओढा

बाईंच्या तोंडून 'होऊन जाईल' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. भंडाऱ्याच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांची सहायक. अंतराळ स्थानकावर धानाचं बी उगवून पाहायचा आमचा प्रयोग मंजूर झाला, तेव्हा सगळे पेढे खात होते आणि बाई विचारत होत्या, "अन् नाही उगवलं तं?"

बी त्यांच्या आसगावच्या शेतातलं. अंतराळवीराने काय करायचं, ते मात्र आम्ही लिहून द्यायचं. एका ओळीत एकच काम, हा बाईंचा नियम. लिहिलेलं काम बाई ऑफिसातल्या क्लार्कला जाड हातमोजे घालायला लावून करून घ्यायच्या. तो अडखळला की ती ओळ खोडायच्या. "त्याले समजलं नाही म्हणजे मले लिहिता आलं नाही."

प्रयोगाच्या सकाळी आम्ही प्रयोगशाळेत हेडफोन लावून बसलो. अंतराळवीराकडे आमच्यासाठी अर्धाच तास होता. सहा कप्प्यांची डबी. प्रत्येकात सिरिंजने पाणी सोडायचं. इथे कॉलेजात करून पाहिलं तेव्हा ते बियांखालच्या कापसात सहज मुरलं होतं. वर पहिल्याच कप्प्यात त्याचा गोळा झाला आणि बियांना चिकटून बसला. नियंत्रण केंद्रातला समन्वयक मराठीच होता. तो घाईने म्हणाला, "मॅडम, वेळ संपतोय. जोराने ढकलायला सांगू?"

मी 'हो' म्हणणारच होते. बाईंनी माझं मनगट धरलं.

"ढकलू नका. बी गुदमरून मरंल. पाणी परत ओढा. बाकीच्या कप्प्यांत थेंब थेंब सोडा, मधे थांबत." मग आवाज सावरून म्हणाल्या, "अन् त्यायले सांगा, चूक त्यायची नाही. एकदम सोडा असं मीच लिहिलं होतं."

वरून उत्तर येईपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही. सहावा कप्पा झाला तेव्हा वेळ संपतच आला होता.

चौथ्या दिवशी फोटो आला. पाच कप्प्यांत कोंब होते. बाई पहिल्याच कप्प्याकडे बघत राहिल्या.

अहवालात मी 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं. त्यांनी ते खोडून 'सूचना लिहिणाऱ्याची चूक' असं लिहिलं आणि सही केली.

"काहून, बाई? कोणी विचारून नाही राहिलं."

"उद्या दुसरा कोणी हाच प्रयोग करंल नं. त्यानं काय खोटं वाचावं?"

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि दिवाळीच्या आधी गेल्या. आता नव्या प्रयोगाच्या सूचना मी लिहिते आहे. रोप कापायच्या ओळीपाशी दोन दिवस अडले होते. काल सवयीने त्यांचा नंबर लावला. त्यांच्या मुलीने उचलला.

"बोला नं, ताई," ती म्हणाली.

रोप कसं कापायचं, हे तिला कसं विचारणार? मी नुसतीच फोन धरून उभी राहिले. तिनेही ठेवला नाही.