दारावर नाव लागलं की या

वैशू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. माझ्या धाकट्या बहिणीचा हसरा फोटो, वर भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली ‘डॉ. वैशाली, मानसोपचारतज्ज्ञ’. तीन शब्दांत दोन चुका होत्या. सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो, डॉक्टर लावलं तर बरं दिसतं. आता कोण तपासायला येतंय?”

तपासणारी तीच होती. ज्या रुग्णालयात ती प्रशिक्षण घेत होती, तिथेच मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. फोन तिच्याच मोबाइलवरून आला. मी नेहमीसारखं “बोल वैशू” म्हणालो… पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटत होतं. मग एका अनोळखी आवाजाने माझं नाव विचारलं.

आमचे वडील साताऱ्याहून येऊन एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार झाले. घरात शिकण्याची हौस होती, पण कुठलं शिक्षण कुठवर नेतं याची कल्पना कुणालाच नव्हती. वैशूने नोकरी सांभाळत मानसशास्त्रात तीन वर्षांचं बी.ए. केलं, दोन वर्षांचं एम.ए. केलं. आता झाली मानसशास्त्रज्ञ, असं समजून मी पेढे आणले. तिने पेढा खाल्ला आणि म्हणाली, “दादा, एम.ए. म्हणजे मला विषय येतो. माणूस माझ्या हाती द्यायला अजून वेळ आहे.” मग तिने मला सगळं नीट सांगितलं. रुग्णालयाशी जोडलेल्या मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. करायचं, रोज ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण बघायचे, प्रबंध लिहायचा आणि शेवटी व्यवसायाची परवानगी देणाऱ्या परिषदेकडे नोंदणी. त्यानंतरच ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ हे शब्द नावापुढे येतात. मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. तो एम.बी.बी.एस. करून पुढे त्या विषयात शिकलेला असतो, औषधं तो देतो. लिफ्टमध्ये कुणी तिला डॉक्टर म्हटलं की आपला मजला येईपर्यंत ती हेच समजावत असायची. प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाली, चाळिशी उलटली, तरी पुन्हा परीक्षा देऊन, नोकरी सोडून ती तिथे गेली. माझी बायको तिला चिडवायची, “वन्सं, पाटी लागेपर्यंत तुमची पेन्शन सुरू होईल.” त्यावर वैशू नुसती हसायची.

आमच्या शेजारच्या तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली तिने पाटी लागेल त्या दिवसासाठी तयार ठेवली होती. दोन खुर्च्या, जरा तिरक्या. समोरासमोर बसवलं की माणसाला चौकशी वाटते, असं तिचं म्हणणं.

तिच्या जाण्याला काही आठवडे झाल्यावर हा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं. एक कुटुंब बघून गेलं, त्यांना पसंतही पडला. त्याच दुपारी मी कपाटं रिकामी करत असताना शैलाबाई आल्या. कळंबोलीला राहतात, आमच्या सोसायटीत पोळ्यांची कामं करतात. त्यांचा नवरा ट्रक चालवायचा, घाटात गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांना गल्लीच्या तोंडाशी त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायचा. वैशूने त्यांना रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. तुम्हीच बसा की माझ्याजवळ, म्हणून त्या मागे लागल्या, तेव्हा तिने सांगितलं होतं, “दारावर नाव लागलं की या.”

“गेटावर नाव लागलं ना ताईंचं,” शैलाबाई म्हणाल्या. “डॉक्टर झाल्या म्हनून. कामामुळं यायला उशीर झाला.”

मला वाटलं, ती गेल्याचं यांना कळलेलंच नाही. मी जपून सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. मग मी फ्लेक्सवरची चूक सांगितली. नोंदणी झालीच नाही, तुम्हाला घेऊन बसायचा अधिकार तिला कधी मिळालाच नाही.

“दादा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तिथं कोन कागद मागतंय?”

त्या दोन खुर्च्यांच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. त्या बोलायच्या, थांबायच्या, पुन्हा बोलायच्या. त्यांचं थांबणं दम खाण्याचं नव्हतं. मध्येच “व्हय” म्हणायच्या, मध्येच एखादं वाक्य नव्याने, नीट करून सांगायच्या. कुणी न कळलेलं पुन्हा विचारावं तसं… फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो.

बाहेर आल्या तेव्हा तोंड उतरलेलं होतं. “न्हाई म्हनाल्या. हॉर्नचं त्या डॉक्टरांनाच सांगा, गोळ्या सोडू नका म्हनाल्या. त्यांची तोंडी परीक्षा राहिलीय अजून.”

प्रबंधाची तोंडी परीक्षा राहिली होती, हे खरं. तिच्या मार्गदर्शक बाईंनी ते मला ती गेल्यावर फोनवर सांगितलं होतं. मी बायकोजवळही बोललो नव्हतो. वैशूनेच कधीतरी शैलाबाईंना सांगितलं असेल, हे शक्य आहे. बहुधा तसंच असेल. मी त्यांना विचारलं नाही.

शैलाबाई पुन्हा त्या रुग्णालयात जाऊ लागल्या आहेत. मी फ्लेक्स उतरवून घेतला आणि भाडेकरूंना नाही म्हणून कळवलं. बायकोने कारण विचारलं, तेव्हा एवढंच म्हणालो की अभ्यास राहिला असेल, तर खोली लागेल तिला.